बंद्या नोटा आणि पिशवीभर कांदे

एकदा एका काजूच्या कारखानदाराने आपल्या पुतण्याला एका वृद्ध गृहस्थांच्या स्वाधीन केले. हे गृहस्थ उभे आयुष्य पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ या लहानशा देशातून काजूची बी खरेदी करून कोकणात पाठवत आले होते. आता त्यांचे गुडघे कुरकुरत होते. म्हणून त्यांची ही शेवटची खेप, आणि पुतण्याची पहिली.

निरोप देताना कारखानदार पुतण्याला एवढेच म्हणाला, "किन्ताबाईंचा माल हातचा गेला तर यंदा कारखाना उघडत नाही. बी फोडणाऱ्या बायका घरी बसतील. आणि तू दुकानात बसून पुड्या बांधशील."

किन्ताबाई खाडीपलीकडच्या एका गावातल्या बागाईतदार. वृद्धांशी त्यांचा जुना व्यवहार होता. त्यांचा निरोप आला होता: अमक्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या व्यापाऱ्याची लॉरी लांबच्या रस्त्याने येणार आहे. तिच्याआधी तुम्ही आलात तर ढीग तुमचा. नाही आलात तर मी बी उरावर घेऊन बसणार नाही.

मालाचे पैसे अडत्यामार्फत जायचे होते. या दोघांजवळ होता तो फक्त वाटखर्च, आणि त्याचे नियोजन पुतण्याकडे, म्हणजे वृद्धांच्या या नव्या शिष्याकडे होते. त्याने खर्चाचा अंदाज इतका देखणा बांधला होता की, पाहणाऱ्याला प्रवासाला न जाताच समाधान वाटावे. गाडीभाडे, होडीचे भाडे, जेवण, मुक्काम, अडीअडचण, सगळ्याला आपापले घर होते. सगळी रक्कम त्याने बंदरावरच्या शहरात बँकेतून कोऱ्या, मोठ्या नोटांत घेतली. मोजायला सोपी, लपवायला सोपी.

वृद्धांनी ते सारे शांतपणे ऐकून घेतले.

"छान. यात मोड कुठे आहे?"

"मोड काय, वाटेत मिळेल की, आजोबा."

"वाटेत," वृद्ध म्हणाले. मग त्यातल्या दोन नोटा उचलून ते बाजाराकडे चालू लागले.

त्या देशात भाड्याच्या गाड्या घड्याळाप्रमाणे सुटत नाहीत. गाडी भरली की निघते. सात जणांची ती जुनी गाडी भरत आली होती, आणि आपले आजोबा बाजारात काय करताहेत हे पाहायला शिष्य मागोमाग धावला.

आजोबा कांदे घेत होते. कांद्या-पिठाच्या मोठ्या वखारीत त्यांनी छोटी पिशवीभर कांदे घेऊन दोन्ही मोठ्या नोटा मोडल्या. तिथे मिळालेल्या मधल्या नोटा घेऊन ते मधल्या दुकानांत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी चार-चार कांदे घेतले. तिथल्या लहान नोटा घेऊन ते जमिनीवर टोपल्या मांडून बसलेल्या बायकांकडे वळले, आणि प्रत्येकीकडून दोन-दोन. बायकांना गंमत वाटली.

"काय म्हातारबा, घरी लग्न काढलंय?" एकीने विचारले.

"सून नवी आहे," वृद्ध तिथल्या भाषेत म्हणाले. "तिला कांदा फार लागतो."

"मग सुनेला पाठव उद्या. तू भाव करत नाहीस, मजा येत नाही."

शिष्याला मात्र मजा येत नव्हती. "आजोबा, गाडी जाईल. आणि आपल्याला कांदे लागणार कुठे? खर्चात कांदे धरलेलेच नाहीत."

"लागतील. किंवा नाही लागणार," वृद्ध म्हणाले, आणि नाण्यांनी व चुरगळलेल्या नोटांनी भरलेली कापडी पिशवी त्यांनी शिष्याच्या गळ्यात अडकवली. "खर्च तुझ्याकडे आहे ना? मग हीही तुझ्याकडे."

गाडीत शेवटच्या रांगेतल्या जागा मिळाल्या. खड्ड्याखड्ड्याला पिशवी शिष्याच्या छातीवर आपटत होती. तिचा आवाज होई, आणि पुढच्या बाकावरची माणसे मागे वळून बघत. जवळ पैसे आहेत हे सगळ्या गाडीला सांगणारी पिशवी गळ्यात घालून बसायचे, हे त्याच्या नीटनेटक्या स्वभावाला मानवेना.

मध्ये गाडी एका टपरीपाशी थांबली. टपरीवर एक बाई पाव आणि उकडलेली अंडी विकत होती. सकाळी कोणी एक घाईतला माणूस तिच्याकडून भरपूर पाव घेऊन मोठी नोट देऊन गेला होता. तिची सारी मोड त्यात संपली होती, आणि आता गिऱ्हाईक समोर उभे राहून परत जात होते. शिष्याच्या गळ्यातला आवाज तिने बरोबर ऐकला.

"भाऊ, मोड देतोस? नोट घे माझी."

शिष्याला वाटले, जणू कोणी गळ्यातला दोरच सोडवला. त्याने पिशवी तिच्या फळकुटावर उपडी केली. तिने मोजून नोटेइतके घेतले; जे थोडे उरले त्यातून त्याने अंडी आणि पाव घेतले. एक कोरी, मोठी नोट घडी करून कमरेच्या पट्ट्यात ठेवली आणि हसत गाडीत बसला.

"ओझं गेलं, आजोबा. हिशेब जसा होता तसा झाला."

वृद्धांनी अंडे सोलले, मीठ लावले, खाल्ले. 

घर चालवणाऱ्या कोणालाही पुढचे सांगावे लागू नये. दाराशी कोथिंबीरवाली उभी राहते तेव्हा कपाटातली पाचशेची नोट फक्त शोभेची असते.

खाडीवर पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. पाणी उतरू लागले होते. दोन्ही काठांना खारफुटीच्या मुळांखाली चिखल उघडा पडत होता. होडीवाल्याचे नाव मालाम. त्याच्या लांब होडीत बायका, कोंबड्या आणि तांदळाची पोती बसली होती. आणखी थोडे पाणी गेले की पलीकडच्या धक्क्याला होडी लागणार नाही, मग उद्याच, हे तो सगळ्यांना ओरडून सांगत होता. पलीकडे, खाडी ओलांडून चालत गेल्यावर, किन्ताबाईंचे गाव. आणि लांबच्या रस्त्याने लॉरी निघालेली असणार.

शिष्याने नोट पुढे केली. मालामने ती घेतली, उन्हात धरून पाहिली, आणि परत दिली.

"ही घेऊन मी काय करू? खाडीला मोड मागू?"

शिष्याने होडीतल्या बायकांकडे पाहिले. त्यांनी आपापले नेमके भाडे मुठीत धरून आणले होते, आणि ते देऊन त्या मोकळ्या झाल्या होत्या. काठावर दुसरे कोणी नव्हते. पाणी आणखी उतरले.

"सगळी ठेव," शिष्य म्हणाला. "मोड नको परत."

मालामचा चेहरा आंबट झाला. "मी होडीचं भाडं मागतो, होडीची किंमत नाही. या बायकांसमोर एवढे पैसे घेतले तर उद्यापासून त्या मला काय म्हणतील? जा, मोड घेऊन ये."

"कुठून?"

"ते मला काय विचारतोस? पट्टा तुझा आहे."

होडीतल्या बायका हसल्या. शिष्याच्या डोळ्यांसमोर दुकानातल्या पुड्या आल्या, आणि बंद दारापाशी उभ्या असलेल्या, बी फोडून काळ्या पडलेल्या हातांच्या बायका आल्या. त्याने प्रथमच वृद्धांकडे असे पाहिले की, त्यात हिशेब नव्हता.

वृद्धांनी कांद्यांची पिशवी काठावर ठेवून तिचे तोंड उघडले.

"मालाम, पलीकडे कांदा कसा दिला जातो?"

"मिळाला तर देणार ना." मालामने वाकून एक उचलला, दाबला, हुंगला. "लहान आहेत."

"लहान कांदा गोड असतो."

"हे विकणारे सांगतात. माझी बायको नाही सांगत."

"मग दोघांच्या भाड्याचे कांदे घे, आणि वर बायकोसाठी चार."

"सहा," होडीतून एक म्हातारी म्हणाली. "त्याची बायको मला माहीत आहे."

मालामने आपल्या लुंगीच्या ओच्यात कांदे घेतले, आणि होडी सुटली.

शिष्य होडीत वृद्धांजवळ सरकला. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही तिथेच का थांबवलं नाहीत मला? टपरीपाशी?"

वृद्ध म्हणाले, "कारण त्या बाईला मोड खरोखर हवी होती. देण्यात चूक नव्हती. पण तू दिली नाहीस, टाकलीस. गळा दुखत होता म्हणून दिलीस, आणि बदल्यात तिची अडचण घडी करून पट्ट्यात ठेवलीस. बाबा, अडचण संपत नसते, हात बदलते. बंदी, न मोडलेली नोट जवळ बाळगणारा माणूस श्रीमंत दिसतो, पण वाटेवरचा प्रत्येक गरीब आपली मोड त्याच्यासाठी मोकळी करील, या भरवशावर चाललेला असतो. तुझा अंदाज रकमेत बरोबर होता. पण ती रक्कम ज्याच्या हातात जाणार, तो माणूस त्यात धरला नव्हतास. या देशात जेवढं अंतर गाडी तोडते तेवढंच सुटं नाणं तोडतं. ते सोबत असणं म्हणजे ओझं सोबत असणं. त्याला इलाज नाही."

होडी चिखलाला घासत धक्क्याला लागली, ती अगदी शेवटचीच. उरलेले कांदे खांद्यावर टाकून शिष्य वृद्धांच्या पुढे झपाझप चालू लागला.

किन्ताबाई अंगणात बियांच्या ढिगापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. रस्त्याच्या टोकाला लाल धूळ उठत होती.

"ही धूळ पाहून मी तराजू काढायला सांगणार होते," त्या वृद्धांना म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीत डोकावून पाहिले. "कांदे? बरं झालं. आधी हे आत पाठवा, मग बी बघू."

वजन झाले. माल यांचा झाला. पुढचे काही दिवस पोती शिवण्यात गेले. गावच्या बाजाराच्या दिवशी किन्ताबाईंच्या सुनेने पाहिले की, पाहुण्यांतला तो तरुण एका दुकानात साबण, दुसऱ्यात काडेपेटी आणि तिसऱ्यात पुन्हा काडेपेटी घेतो आहे. तिने सासूला विचारले, हा आपले घर पेटवणार आहे का. किन्ताबाई म्हणाल्या, "नाही गं. शिकतोय."

परतताना खाडीच्या काठी एक परका तरुण उभा होता. स्वच्छ बूट, नवी बॅग. त्याने मालामपुढे कोरी नोट धरली होती, आणि मालाम मान हलवत होता. पाणी उतरत होते.

शिष्य थांबला. आपल्या परतीपुरती मोड त्याने आधी वेगळी काढून मुठीत धरली. मग पिशवीतून त्या तरुणाला नोटेइतकी मोड मोजून दिली, आणि त्याची नोट घेतली. उरलेली मोड पुन्हा पिशवीत टाकून त्याने तिचे तोंड आवळले.

होडीत बसल्यावर वृद्धांनी विचारले, "पिशवी अजून जड आहे का रे?"

"आहे, आजोबा," शिष्य म्हणाला, आणि पिशवीचा बंद मानेवरून काढून त्याने खांद्यावर घेतला.