खैरबोडीत माणसाला निबर म्हणत नाहीत

खैरबोडीला आलात तर भेंडी निबर म्हणा, काकडी निबर म्हणा; माणसाला तेवढं म्हणू नका. झाडावर जास्त राहिलेली भेंडी बोटाने मोडत नाही, तसं ज्याच्या मनाला काही म्हणजे काही लागत नाही तो निबर. शब्दात खोट नाही. पण इथे तो माणसाला लावला, की मातीची पाटी डोक्यावर घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, टाकून यावं लागतं. पाहुण्यालाही सुटका नाही.

असे सांगतात, की या पाळीची राखण पूर्वी सोनबा करायचा. पाळीतून नितळ पाणी पाझरलं तर चिंता नाही, गढूळ आलं तर आतली माती चालली, हे त्याने बायकोला, भिवराला, शिकवून ठेवलं होतं. ऐन पावसाळ्यात सोनबा तापाने गेला. बायका जमल्या, हेल काढून रडू लागल्या. घर पाळीच्या पायथ्याशीच. भिवराने दारातून पाहिलं, तर पाझर गढूळ झालेला.

तिने सांगितलं. बायका म्हणाल्या, आधी रडून घे. तिने पाटलाला निरोप धाडला. पाटील म्हणे, सुतकाच्या घरचा निरोप ऐकून पाळीला कुणी हात लावायचा नाही, रीत नाही तशी. भिवराचा जीव नुसता चरफडत होता. खाली अख्खं गाव, त्यात तिची लेकरं, आणि ही शहाणी माणसं तिच्या डोळ्यांत पाणी येतं का ते बघत बसलेली. शेवटी तिने पाटी उचलली.

"नवरा गेला अन् हिले पाळीचं पडलं," तिची मोठी जाऊ सर्वांदेखत म्हणाली. "निबर आहे बाई."

भिवरा एकटीच माती वाहत राहिली. पाणी पाटलाच्या अंगणात शिरलं, तेव्हा कुठे पुरुष धावले आणि पाळ तगली.

ती घरी परतली तेव्हा रडणाऱ्या बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. रिकाम्या घरात तिला रडू फुटलं, ते थांबेना. जाऊ भाकरी घेऊन आली, तिला भिवरा म्हणाली, "रडायचंच होतं मले. कोणी पाटी धरली असती, तर तवाच रडली असती."

आजही खैरबोडीत कुणी गेलं, की शेजारी दाराशी येऊन आधी विचारतात, "कोणतं काम अडलं?" ते काम उचलून ते निघून जातात. मग घरातून रडण्याचा आवाज येतो.