कोंडाईची खुर्ची

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, हे माळसुंगीत कुणी नेमकं सांगत नाही. मतपेटी लोखंडाची होती, ती बैलगाडीतून यायची आणि गाडीमागून पोलीस चालत यायचा, एवढं मात्र सांगतात. त्या काळी गावात कोंडाई नावाची सुईण होती.

आधी तिची सासू सुईण होती, मग ती झाली. पस्तीस वर्षं गावातलं प्रत्येक मूल तिच्याच हातावर आलं. असं म्हणतात, की एकदा हातावर घेतलेला जीव ती कधी विसरली नाही. वीस वर्षं मुंबईत काढून, दाढी वाढवून एक जण गावात परतला, तर त्याच्या आईनंही त्याला ओळखलं नाही. कोंडाईनं त्याला टोपी काढायला लावली, डोक्यावरचे दोन भोवरे पाहिले आणि म्हणाली, "अगं, तुझा धाकला ह्यो. पायाकडनं आला हुता."

तिचा नवरा सावळा विहिरी खोदायचा. गावचे सरपंच हैबतराव यांच्या मळ्यात विहिरीचं काम चाललं होतं. माती भुसभुशीत लागली, म्हणून सावळ्यानं कडेला आधार द्यायला लाकडं मागितली. हैबतराव म्हणाले, "आदी पानी दाव, मग लाकडं." तिसऱ्या दिवशी कड ढासळली आणि सावळा आतच राहिला. कोंडाई पंधरा दिवसांत पुन्हा बाळंतपणाला जाऊ लागली. येणारं मूल कुणाचं सुतक पाळत नाही.

दोन वर्षांनी निवडणूक आली. कोंडाई मत द्यायला शाळेत गेली, तेव्हा यादीवर बोट फिरवत कारकून सहज म्हणाला, "सावळा रामा घोलप, हे तुमचेच मालक ना? ते सकाळीच मत देऊन गेले."

"आले हुते?" कोंडाईनं विचारलं.

"हो. ही काय खूण केली आहे."

ती बाहेर येऊन लिंबाखाली बसली. मग कुणाकडेच न बघता म्हणाली, "आले हुते, तर घराकडं का न्हाई आले?" ऐकणाऱ्यांपैकी कुणाला हसू आलं नाही.

खरं तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. माळसुंगीत मेलेली माणसं मत देत, परगावी गेलेलीही देत, आणि सगळी हैबतरावांनाच देत. जिवंतपणी शब्दाबाहेर गेलेला माणूसही मेल्यावर शब्दात यायचा. बाकीच्यांना त्याची सवय झाली होती. कोंडाईला मात्र झोप येईना. ज्याच्या विहिरीत आपला माणूस गेला, त्याच्यासाठीच तो आता दर खेपेला उठून रांगेत उभा राहणार, हे तिच्या घशाखाली उतरेना. मेल्यावर तरी माणसाला पडू द्यावं की नाही?

त्या दिवशी लिंबाखालून उठून ती परत शाळेत गेली आणि केंद्राच्या साहेबांना विचारलं, की हे थांबवायचं कसं. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "आक्षेप घ्यायला इथं पेटीजवळ खुर्चीत बसावं लागतं, बाई. आणि ती खुर्ची उमेदवाराला मिळते, नाहीतर त्यानं नेमलेल्या माणसाला."

"मग उमेदवार कसं व्हायचं?" कोंडाईनं विचारलं.

पुढच्या निवडणुकीला तिनं अर्ज भरला. चिन्ह मिळालं कंदील. अख्ख्या गावानं तिला वेड्यात काढलं. पारावरची माणसं म्हणाली, "कोंडाई, तुला मत कोन देनार?" ती म्हणाली, "कुनी नगं देऊ. मला बसाय जागा पायजे."

पण ती काही वाघीण नव्हती, हे ध्यानात ठेवा. तिचा जीव रोज टांगणीला लागलेला असे. अर्ज भरल्यापासून हैबतरावांच्या धाकानं तिला कुणी बाळंतपणाला बोलवेना. शेजारच्या आळीत एक बाई अडली, तिच्या किंकाळ्या कोंडाईला घरात ऐकू येत होत्या, आणि ती उंबऱ्याशी तेलाची बाटली घेऊन बोलावण्याची वाट बघत बसली. बोलावणं आलं नाही. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. सावळ्याच्या नावानं मत देणारा परका नसणार. गावातलाच असणार, म्हणजे आपल्याच हातावर आलेला. तो समोर आला, तर आपल्या तोंडून शब्द फुटेल का? घास तोंडात घेतला की तिला हेच आठवायचं.

मतदानाच्या दिवशी तिनं सावळ्याचं मुंडासं घरच्या पेटीतून काढलं, पदराखाली घेतलं आणि शाळेत जाऊन खुर्चीत बसली. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले.

पहिल्या तासात एक जण आला आणि दगडू भोईट असं नाव सांगू लागला. दगडू सुरतेला होता. कोंडाई उठली. "ह्यो माझ्या हातचा दगडू न्हाई," ती म्हणाली. आवाज चिरका आला, पण आला. "दगडूच्या उजव्या पायाला सहा बोटं. काढ रं पायतान." त्यानं पायताण काढलं नाही, पळच काढला. दुपारपर्यंत असे चार जण परत गेले. बाहेर हैबतरावांची माणसं कुजबुजू लागली. सावळा अजून आला नव्हता. दारात कुणाचीही सावली पडली, की कोंडाई पदराखालचं मुंडासं घट्ट धरायची.

आणि ऐन दुपारी दारात आल्या त्या हैबतरावांच्या बायको, जानकीबाई. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. म्हणाल्या, "कोंडे, मंजुळा पहाटेपास्नं अडलीय. मूल आडवं हाय. चल."

मंजुळा त्यांची सून. पहिलटकरीण.

शाळेतल्या सगळ्यांच्या मनात एकच आलं: खुर्चीतून उठवायची ही युक्ती. कोंडाईच्याही मनात तेच आलं. ती उठली, तर सावळा येणार, बोटाला शाई लावून जाणार. आणि हे खरं असेल, तर ती पोर संध्याकाळ बघणार नाही. तिनं जानकीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावरून काही कळेना. मग पायांकडे पाहिलं. तापल्या वाटेनं तळव्यांना फोड आले होते.

"सायेब, मी जाती," कोंडाई म्हणाली.

"बाई, रिकाम्या खुर्चीला आक्षेप घेता येत नाही," साहेब कळवळून म्हणाला.

"रिकामी ठिवत न्हाई," असं म्हणून तिनं पदराखालचं मुंडासं काढलं, खुर्चीवर ठेवलं आणि जानकीबाईंच्या मागं पळत सुटली.

मंजुळेचं बाळंतपण फार वाईट होतं. कोंडाईनं हाताला तेल लावलं आणि पोटावरून मूल फिरवायला घेतलं. हात काम करत होते, पण कान शाळेकडे लागले होते. आता आला असेल का? आता शाई लागली असेल का? मंजुळा ओरडली, की ती "माझे बाय, जरा कळ काढ," म्हणायची आणि लगेच मनात सावळ्याला म्हणायची, "तुमीबी जरा दम धरा."

आता पुढचं ऐका. असं म्हणतात, की दिवस कलताना एक माणूस शाळेत आला आणि म्हणाला, "सावळा रामा घोलप." कारकुनानं यादीवर बोट ठेवलं. तेवढ्यात खुर्चीकडून शांत आवाज आला, "आलात? मग घराकडं का न्हाई आलात?" त्या माणसानं वळून पाहिलं. खुर्चीत कोंडाई बसली होती, मांडीवर मुंडासं घेऊन. तो आला तसा मागं सरला आणि जो धावत सुटला, तो ओढ्यापलीकडे जाऊन थांबला. साहेबांनी आपल्या डायरीत लिहून ठेवलं, की कंदील चिन्हाच्या उमेदवार सकाळपासून पेटी सील होईपर्यंत जागेवर हजर होत्या.

आणि जानकीबाई मरेपर्यंत शपथेवर सांगत, की दिवेलागणीला नातू रडेपर्यंत कोंडाई सुनेच्या उशापासून हलली नाही.

काही शहाणे म्हणतात, त्या माणसानं नुसतं मुंडासं पाहिलं आणि त्याचं पाप त्याच्याशी बोललं. असेलही. त्याचं नाव कोंडाईनं कधी विचारलं नाही, आणि गावानंही तिला सांगितलं नाही.

मतं मोजली, तेव्हा कोंडाईला नऊ मिळाली. हैबतरावच निवडून आले. पण सावळा रामा घोलप या नावापुढची जागा कोरी राहिली. कारकुनानं ती तिला दाखवली, तेव्हा कोंडाईला वाचता येत नव्हतं तरी तिनं त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं आणि तिथंच ढसाढसा रडली. त्या रात्री तिला मागल्या निवडणुकीपासून पहिल्यांदा गाढ झोप लागली.

त्यानंतर ती पाच वेळा उभी राहिली आणि पाचही वेळा पडली. ती बसलेली असताना माळसुंगीत एकही मेलेला माणूस मताला उठला नाही.

कोंडाई गेली, तेव्हा गावापुढे प्रश्न पडला: आता खुर्चीत कोण? तोवर मंजुळेचा मुलगा जाणता झाला होता. तो तालुक्याला चालत गेला, मतदारयादीतून कोंडाईचं नाव स्वतः कमी करून आला, आणि येताना उमेदवारीचा अर्ज घेऊन आला. समोर त्याचा सख्खा चुलता उभा होता. घरचे म्हणाले, "अरे, पडशील." तो म्हणाला, "ठाव हाय."

त्याला अकरा मतं पडली.

आजही माळसुंगीत कुणी ना कुणी कंदील चिन्ह मागून उभं राहतं. त्याला प्रचार नाही, गुलाल नाही. मतदानाच्या सकाळी तो खुर्चीवर आधी एक मुंडासं ठेवतो, मग ते मांडीवर घेऊन बसतो. मताला आलेला माणूस, यादीत नाव असो कितीही ठसठशीत, खुर्चीसमोर थांबून आपलं नाव सांगतो आणि आपल्या आईचं नाव सांगतो. आणि गावात कुणी गेलं, तर तेराव्याला पंगत बसण्याआधी घरातला वडीलधारा उठून विचारतो, "नाव कमी केलं का?" कुणीतरी "केलं" म्हणतं. मगच पानावर पहिला भात वाढतात, आणि मगच म्हणतात, की आता तो निजला.