राखोबाचं चक्र आणि गुलबक्षीच्या सहा बिया

डोंगराच्या कुशीत एक हिरवीगार वस्ती होती, आणि तिथली मुलं मात्र एकेक करून राखाडी होत चालली होती.

आमच्या शेजारच्या हौसाचंच सांगते. एवढीशी पोर, पण आई गेल्यापासून पत्रावळ्या लावून धाकट्या भावाचं पोट भरायची. त्याचं नाव बारकू. कुंपणावरून मला सगळं दिसायचं. डाळिंबासारखे लाललाल गाल होते हो त्याचे! आता सगळा चुलीतल्या राखेसारखा. करंगळीच्या चिमुकल्या नखावर तेवढा गुलाबी रंगाचा एक थेंब उरला होता.

हे सगळं राखोबाचं काम. पिंपळाखाली तो सहा घरांचं चक्र मांडून बसे. त्याची घरघर ऐकली की पोरांचे पाय आपोआप तिकडे वळत. एक घर निवडायचं, अंगातला रंगाचा एक थेंब लावायचा. काटा आपल्या घरावर थांबला तर चार थेंब मिळत, नाहीतर आपला गेला. शिवाय सकाळच्या पहिल्या पोराला भवानी म्हणून एक थेंब फुकट. घरी येऊन पोरं त्या भवानीचंच कौतुक सांगायची. गमावलेलं कोण सांगतो?

दिवसभरात उरलेले थेंब राखोबा संध्याकाळी चाटूनपुसून खाई. पोट भरून राहिलेले पिशवीत कोंबी. शिळा रंग त्याच्या घशाखाली उतरत नसे, पण हाव सुटत नव्हती. आणि ज्याचा शेवटचा थेंब जाई, त्याचा धूर होई. कुंभाराची लाडी तशीच गेली. तिच्या आईने तो धूर पदरात धरायला पाहिलं. पदर रिकामाच राहिला.

"अक्का, उद्या मी जाणार," बारकू म्हणाला. "इतक्यांदा हरलोय, आता माझं घर यायलाच पाहिजे!"

"चक्राला काय आठवतंय तू किती हरलास ते?" हौसा म्हणाली. पण सकाळी घरघर सुरू झाली की त्याला धरून ठेवता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

ओसाड बागेत जाऊन ती रडली. तिथे गुलबक्षीचं एक झुडूप सुकून मान टाकून पडलं होतं. "तुझीपण तीच गत का गं?" म्हणत तिने आपल्या प्यायच्या तांब्यातलं सगळं पाणी त्याला घातलं. आणि काय सांगू! मिटलेली कळी टपकन उमलली. तिच्यातून बोटभर उंचीची, केशरी झग्याची, दवाचे चमचमते पंख असलेली परी बाहेर आली.

"माग हौसा. पण मागणं एकच," परी हळूच म्हणाली. "चक्र मला मोडता येत नाही. डावाचा नियम तू सांगशील तो राखोबाला पाळावा लागेल. मात्र डाव कोणाकडेच झुकायला नको. त्याच्याकडे नको, तुमच्याकडेही नको. झुकला तर तुझे सगळे रंग जातील."

"झुकलाय हे कळायचं कसं? कधी कोणी जिंकतं, कधी कोणी हरतं."

परीने तिच्या ओंजळीत सहा काळ्याभोर बिया ठेवल्या. "चक्र खूप खूप फिरलं की सगळी घरं जवळजवळ सारखीच येतात. तेव्हा सहाही घरं एकदम भरून बघ."

हौसाने मातीत सहा घरं काढली. प्रत्येकात एक बी ठेवली. कुठलंही घर येवो, जिंकणाऱ्याला चार. तिने चार बिया उचलल्या. मातीत दोन उरल्या.

"अगं बाई! म्हणजे सहा लावले की त्याचे दोन ठरलेलेच!" मग तिने सहाही उचलल्या. मातीत काही उरलं नाही. "चार नको, सहा द्यायचे!"

"सातच सांग की," परीने तिला पारखून पाहिलं. "बारकू लवकर रंगेल."

हौसाने हातातल्या बिया मोजल्या, सहाच होत्या. मग म्हणाली, "सातवा त्याच्या पिशवीतून येणार. पिशवीत दुसऱ्यांच्या लेकरांचे रंग आहेत."

सकाळी नवा नियम ऐकून राखोबाने दातओठ खाल्ले, पण करतो काय? मग गोड हसला. "ये गं बाळ. आधी भवानी घे. तुझ्या भावालाच देतो, चालेल?"

त्याच्या बोटावर एक निळाशार थेंब लुकलुकत होता. बारकूने हात पुढे केला. हौसाने तो मागे ओढला.

"भवानी नको. फुकटच्या थेंबानेपण डाव झुकतो."

खेळायला वस्तीत सहाच पोरं उरली होती. "सगळ्यांनी एकदम खेळायचं, येईल ते वाटून घ्यायचं," हौसा म्हणाली. सहा घरं भरली. सहाव्या घरात बारकूचा शेवटचा थेंब. तो पायांकडून धुरकट होऊ लागला. काटा फिरला, फिरला, आणि रखमीच्या घरावर थांबला.

"वाटायचं कशाला? सगळे तुझेच," राखोबा कुजबुजला.

रखमी वस्तीतली सगळ्यात भांडखोर. तिने सहा थेंबांकडे पाहिलं, मग बारकूकडे. "घे रे तुझा! उगाच धूर होऊन माझ्या डोळ्यांत जाशील."

दिवसभर हेच चाललं. सहा लागले, सहा परतले. राखोबासाठी ताजा थेंब उरेना, आणि पिशवीतला शिळा गिळवेना. संध्याकाळी त्याची बोटं भुरभुरली, मग हात, मग तो सगळाच. वाऱ्याने राख उडाली, पिशवी सुटली आणि लाल, पिवळे, मोरपंखी थेंब आपापल्या घरी धावले.

बारकूचे गाल पुन्हा डाळिंबी झाले. केस मात्र राखाडीच राहिले. ते रंग खाल्ले गेले होते. लाडी काही आली नाही. तिचे दोनच थेंब, एक पिवळा, एक गुलाबी, कुंभाराच्या दारात घुटमळत राहिले.

परीने येऊन ते अलगद ओंजळीत घेतले आणि हौसाच्या बियांवर सोडले. "हौसा, तुझ्या हाताने झुडपं जगतील," एवढंच म्हणाली, आणि सोनेरी उजेडाचा एक झोत होऊन विरून गेली.

त्या सहा बिया हौसाने कुंभाराच्या अंगणात पेरल्या. तिथली फुलं अर्धी पिवळी, अर्धी गुलाबी असतात. ती उमलायच्या वेळी लाडीची आई रोज पायरीवर येऊन बसते, आणि हौसा तिच्या शेजारी.