लाटांवर भुंकणारा ढाण्या

फार पूर्वी, समुद्र आजच्याहून चिमूटभर जास्त खारट होता तेव्हा, ढाण्या कुत्र्याची खात्री होती की तो भुंकतो म्हणूनच लाटा मागे जातात. किनाऱ्यावरच्या शेळ्या त्याला ‘सरकार’ म्हणत.

एकदा मोठ्या लाटेने त्याला ओढून आत नेलं. किनाऱ्याकडे झेपावत तो लाटांवर भुंकत राहिला आणि नाकातोंडात पाणी गेलं.

“आधी तोंड मीट, बाबा,” शेजारून चाललेली कासवीण म्हणाली. “ओढीशी भांडू नकोस. किनाऱ्याच्या कडेकडेने आडवा पोह, ओढ सुटली की वळ.”

ढाण्या तसाच पोहला आणि किनाऱ्यावर पार लांब बाहेर पडला. शेळ्या धावत आल्या.

“सरकार, लाट येतेय. भुंका ना.”

त्याला भुंकवेना. लाट पायाशी आली आणि आपली आपण मागे गेली. शेळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. ढाण्याने मान खाली घातली, ती घर येईपर्यंत वर केली नाही.