कोरा केलेला संगणक

एकदा एका वृद्ध गुरूंच्या वर्गात एक तरुणी प्रोग्राम लिहायला शिकत होती. बुद्धी तल्लख, पण धीर नावालाही नाही. कोणत्या गटाचे रक्त किती शिल्लक आहे हे क्षणात सांगणारा प्रोग्राम तिने तालुक्याच्या रक्तपेढीसाठी लिहिला आणि "उद्या सकाळी सुरू करून देते" असा शब्दही परस्पर देऊन टाकला.

रक्तपेढीला द्यायच्या संगणकावर प्रोग्राम सुरळीत चालत होता. गुरूंनी तो पाहिला आणि संगणक पुसून कोरा केला.

तरुणीचा पारा चढला. भर वर्गात ती म्हणाली, "सर, स्वतःला नवीन जमत नाही म्हणून दुसऱ्याचं मोडायचं का?"

गुरू एवढेच म्हणाले, "तुझ्या प्रोग्रामची प्रत आहेच. पॅकेज मॅनेजरला सांग, तो ती पुन्हा बसवेल."

पॅकेज मॅनेजर म्हणजे प्रोग्रामला लागणारे सुटे भाग आणून बसवणारा, संगणकातला निमूट कारभारी. प्रोग्राम बांधताना काय लागते आणि चालताना काय लागते, हे त्याला दोन रकान्यांत वेगवेगळे सांगावे लागते. नव्या जागी तो फक्त दुसऱ्या रकान्यातले आणतो, मनाचे काही करत नाही. तरुणीने घाईत सारे पहिल्याच रकान्यात कोंबले होते. तिने कारभाऱ्याकडून प्रोग्राम बसवून घेतला, पण तो उघडताच बंद पडला.

"पण मघाशी तर चालत होता..."

"मघाशी तुझी सगळी हत्यारं इथंच पडली होती, त्यांच्या जिवावर," गुरू म्हणाले. "अगं, स्लॅब ओतताना खाली फळ्यांचं सेंटरिंग लावतात. स्लॅब पक्का झाला की फळ्या काढतात. खांब कुणी काढतं का? तू खांबालाही फळी म्हणालीस. कारभाऱ्यानं तुझा शब्द पाळला. इथं कोसळलं ते बरं. तिथं एखादी बाळंतीण रक्तासाठी खोळंबली असती तर?"

तरुणीची मान वर होईना. आपलेच शब्द तिच्या कानात घुमत होते.

"सर, मी मघाशी बोलले ते..."

"ते राहू दे. रक्तपेढीतले लोक उद्याच्या भरवशावर आहेत, त्यांचं बोल."

आता सरच फोन करून सावरून घेतील, असे तिला क्षणभर वाटले. गुरूंनी फोन तिच्यापुढे सरकवला.

"नमस्कार. प्रोग्राम उद्या मिळणार नाही," ती कशीबशी म्हणाली. "तो मिळेपर्यंत नोंदी हातानंच ठेवा."

काही तांत्रिक अडचण आली का, असे पलीकडून विचारले गेले. उत्तर आयते हातात आले होते.

"नाही," सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "चूक माझी आहे."