उचला, धारराव!

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो. आणि मुलांच्या मागे भिंतीला टेकून ‘आम्ही काही ऐकत नाही’ असं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुमच्यासाठीही आहे. तेव्हा एका नदीच्या उतारावर एक नगर होतं. चढावर वरची पेठ, नदीकाठाला खालची पेठ. या नगराला राजा नव्हता. मुख्य कोण व्हावं, हे माणसं स्वतः ठरवायची. नवल वाटलं ना? वाटू दे. मला मात्र या नगराचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

मुख्य निवडायची रीत साधी होती. दोन्ही पेठांच्या मधे एक दगडी चौथरा होता. ज्याला मुख्य व्हायचं असेल, त्याने त्यावर उभं राहून बोलायचं. शेजारी प्रत्येकाच्या नावाचा रांजण ठेवलेला असे. ज्याचं बोलणं पटेल, त्याच्या रांजणात मूठभर ज्वारी टाकायची. ज्याचा रांजण आधी शिगोशीग भरेल, तो मुख्य. मग सगळ्या रांजणांतली ज्वारी एकत्र दळायची आणि सगळ्या नगराने एका पंगतीत बसून भाकरी खायची. हरलेल्याची ज्वारीसुद्धा त्याच पिठात.

आणखी एक नियम होता, चौथऱ्याच्या दगडातच कोरलेला. ज्याच्या सभेत कोणी मार खाऊन पडेल, त्यानेच त्या माणसाला पाठीवर घेऊन घरी पोचवायचं. नाही नेलं, तर त्याचा रांजण पालथा करायचा. नियम पोरासोरांनाही पाठ होता, पण तो वापरल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. इथली माणसं परगावी गेली की छाती फुगवून सांगत, “आमच्याकडे भांडणं होतात, चांगली कडाक्याची होतात. पण उचलायची वेळ येत नाही!”

त्या वर्षी दोघे उभे होते. खालच्या पेठेचा हैबती, म्हणजे सज्जन पण रटाळ माणूस. बोलायला लागला की पुढच्या रांगेतली माणसं जांभया द्यायची. आणि वरच्या पेठेचे धारराव. वा, काय माणूस! उंचापुरा, भारदस्त, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या गुराख्यानेही ऐकावा. माणूस वाईट नव्हता हो. साथीच्या दिवसांत त्यांनी स्वतःचं घर आजाऱ्यांना मोकळं करून दिलं होतं.

सुरुवातीला धारराव रस्त्यांवर बोलले. लोकांनी माना डोलावल्या. पाटाच्या पाण्यावर बोलले. लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. मग एके दिवशी बोलता बोलता ते म्हणाले, “आपलं तळं आटलं, कारण खालच्यांनी ओरपलं!” आणि काय सांगू, टाळ्यांचा नुसता कडकडाट! शिट्ट्या काय, आरोळ्या काय! त्या दिवशी धाररावांना टाळ्यांची चटक लागली.

दुसऱ्या दिवशी खालचे लोक चोर झाले. तिसऱ्या दिवशी दरोडेखोर झाले. पुढे तर ती माणसंच राहिली नाहीत. धाररावांचा रांजण भराभर भरत गेला, काठाला यायला थोडाच उरला. रोज संध्याकाळी ते त्यात डोकावून बघत आणि मिशीत हसत.

अशाच एका सभेला खालच्या पेठेतला लिंबाजी रंगारी आला. हा गडी अंगाने चांगला गरगरीत, आणि रंगाच्या पिंपात जन्म गेल्यामुळे कोपरापर्यंत निळा. खालच्या पेठेचं पिवळं पागोटं त्याच्या डोक्यावर होतं. तो गर्दीतून वाट काढत पुढे आला आणि म्हणाला, “धारराव, एक विचारू का? तुम्ही मुख्य झालात, तर आमचेही मुख्य व्हाल ना? मग आमच्यासाठी काय करणार, तेवढं सांगा.”

बस, एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही. पण सभा रंगात आली होती आणि धाररावांना मधे तोंड घातलेलं खपलं नाही.

“बघताय काय?” ते गरजले. “आपल्या सभेत येऊन हा आपल्यालाच जाब विचारतो! हातात बांगड्या भरल्यात काय तुम्ही? हाकला त्याला! पुढचं काय ते मी बघून घेतो!”

मग व्हायचं तेच झालं. कोणी ढकललं, कोणी लाथ घातली, कोणाच्या हातात काठी होती. धुरळा खाली बसला तेव्हा लिंबाजी चौथऱ्यापाशी पडला होता. डोकं फुटलं होतं आणि एक पाय भलतीकडे वळला होता. मारणारी पोरं जोशात आरोळ्या देत खालच्या पेठेच्या वाटेला लागली. आता तिथल्या सगळ्यांनाच बघून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

चौथऱ्याची राखण साळूबाईंकडे होती. वयाने वाकलेल्या, पण नजर कडक. दोन्ही पेठा त्यांना मान देत. त्या उठल्या, लिंबाजीच्या डोक्याला स्वतःच्या पदराची पट्टी बांधली, वर त्याचं पागोटं ठेवलं आणि म्हणाल्या, “उचला, धारराव.”

“मी? मी कुठे मारलं? मी तर बोटही लावलं नाही!”

“तुम्ही बोलायच्या आधी हा माणूस उभा होता. तुम्ही बोललात आणि तो आडवा झाला. सगळ्यांनी बघितलंय.”

“माझी पालखी देतो. माणसं देतो, वैद्य देतो.”

“वैद्याला याच्या घरी धाडलंय मी. पालखी घरी ठेवा. पाठ द्या.” साळूबाईंनी रांजणाच्या काठावर हात ठेवला. बांगड्या वाजल्या. “मघाशी बांगड्यांचं काहीतरी म्हणत होतात ना? या हातात आहेत बघा. याच हातांनी रांजण पालथा करीन.”

धारराव रांजणाकडे बघत राहिले. एवढा भरलेला रांजण! खरं सांगायचं तर त्यांना लिंबाजीची दया आली नव्हती, रांजणाची आली होती. ते चरफडत खाली उतरले, गुडघ्यावर बसले आणि लिंबाजीला पाठीवर घेतलं. अरे देवा! धाररावांच्या तोंडून हुंकार निघाला आणि पाय लटपटले.

“वजन जरा जास्त आहे,” लिंबाजी कण्हत म्हणाला. “बायको रोज म्हणते, भाकरी कमी खा. ऐकायला हवं होतं.”

उतार सुरू झाला. घामाने अंगरखा भिजला आणि लिंबाजीच्या निळ्या हातांचे ठसे पांढऱ्या कापडावर उमटू लागले. साळूबाई काठी टेकत मागून येत होत्या.

“इथे जपून, पायरी मोडकी आहे,” लिंबाजी सांगायचा. “जरा थांबा, तुम्हाला धाप लागलीय.”

शेवटी धारराव वैतागले. “तू हैबतीचा माणूस. माझ्या सभेत कशाला मरायला आलास?”

“हैबतीचा कुठे? मी कोणाचाच नव्हतो.” लिंबाजीने कमरेला हात लावला. “ही बघा, माझी मूठभर ज्वारी अजून उपरण्यात बांधलेली आहे. हैबतीला ऐकलं होतं. तुम्हाला ऐकायचं राहिलं होतं. म्हटलं, दोघांना ऐकावं, मग टाकावी.”

ज्याला त्यांनी शत्रू म्हणून तुडवायला लावलं, तो त्यांचं ऐकायला आलेला माणूस निघाला. त्यांनी लिंबाजीला सावरून जरा वर घेतलं आणि पुढे चालू लागले.

खालच्या पेठेची वेस दिसली तेव्हा दिवस कलला होता. वेशीपाशी वरच्या पेठेची तीच पोरं दगड घेऊन उभी होती, आणि वेशीच्या आत खालच्या पेठेची माणसं लाठ्या घेऊन जमली होती. नुसता आरडाओरडा चालला होता. त्या धुरळ्यात पोरांना दिसलं काय? एक वाकलेला माणूस आणि त्याच्या पाठीवर पिवळं पागोटं.

“तो बघा, खालचे पळवून नेताहेत त्याला! हाणा!”

पहिला दगड धाररावांच्या खांद्यावर बसला. “थांबा! मी आहे, धारराव!” ते ओरडले, म्हणजे ओरडायला गेले. नदीपलीकडे ऐकू जाणारा तो आवाज, पण छातीत श्वासच नव्हता. दुसरा दगड कपाळाला लागला. आणि समोरून आरोळी आली, “हाणा बिनधास्त! पुढचं धारराव बघून घेतील!”

आपलंच वाक्य धाररावांनी समोरून येताना ऐकलं. माणसाला यापेक्षा मोठी थोबाडीत बसत नसेल.

तेवढ्यात डोळ्यांपुढे काहीतरी निळं आलं. लिंबाजीने पुढे झुकून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं झाकलं होतं. तिसरा दगड त्याच्या मनगटावर बसला आणि तो विव्हळला, पण हात काढले नाहीत.

“लिंबाजी, अरे काय करतोस हे?”

“तुम्ही पडलात तर मीही पडेन ना, धारराव! चला.”

लाठ्या घेतलेली माणसं आता वेशीबाहेर धावली होती. आणखी क्षणभर गेला असता, तर त्या नगरात प्रेतं पडली असती. धारराव पळाले नाहीत. लिंबाजीला त्यांनी खालीही ठेवलं नाही. ते दोन्ही जमावांच्या मधोमध जाऊन गुडघ्यावर बसले आणि मान वर केली. रक्ताने माखलेला तो चेहरा आता सगळ्यांना ओळखू आला. आरडाओरडा थांबला.

“या माणसाला मी मारलं,” धारराव फुटक्या आवाजात म्हणाले. “हात या पोरांचे होते, पण मारलं मी. लाठी चालवायची असेल तर माझ्यावर चालवा. आणि पोरांनो, तुम्ही दगड खाली टाका. मी सांगितलं म्हणून उचललेत ना? मग मी सांगतो म्हणून खाली टाका.”

एका पोराच्या हातातला दगड गळून पडला. त्याला हुंदका फुटला. मग एकेक दगड पडत गेला आणि पलीकडे लाठ्या खाली झाल्या. हैबती गर्दीतून धावत पुढे आला. सांगू का, त्याच्या एका शब्दाने तेव्हा आग भडकली असती, आणि त्याचा रांजणही भरला असता. पण तो रटाळ माणूस एवढंच म्हणाला, “धारराव, द्या इकडे. दमलात तुम्ही.”

“नको. घरापर्यंत मलाच जाऊ द्या.”

मग दोन्ही पेठांची माणसं दोन्ही बाजूंना सरली आणि मधून धारराव चालत गेले. लिंबाजीची बायको दारातच उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. “चांगला धडधाकट धाडला होता मी! असा आणलात होय?” ती कडाडली. धारराव मान खाली घालून उभे राहिले. वैद्य आत वाट बघत होता. लिंबाजीला खाटेवर निजवलं. मग तिने धाररावांच्या कपाळाकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

सकाळी सगळं नगर चौथऱ्यापाशी जमलं. धाररावांनी नियम पाळला होता, रांजण त्यांचाच होता. ज्वारीच्या चार-दोन मुठी पडल्या की ते मुख्य. ते आले तोच अंगरखा घालून, छातीवर निळे ठसे तसेच. चौथऱ्यावर चढलेच नाहीत. सरळ रांजणापाशी गेले, त्याला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत तो पालथा केला. ज्वारी दगडांवर पसरली.

“ही ज्वारी मी शिव्या विकून मिळवली होती,” ते म्हणाले. “लिंबाजीने विचारलं होतं, मी खालच्या पेठेचाही मुख्य होईन का. काल सकाळी मी झालो नसतो. म्हणून मी मुख्य व्हायचं नाही. त्याचा पाय बरा होईपर्यंत त्याच्या पिंपातला रंग मी ढवळीन. आणि ज्यांनी माझं ऐकून हात उचलला, ती पोरं माझ्यासोबत येतील.”

पोरं खाली मान घालून पुढे आली. टाळी वाजली नाही. साळूबाईंनी मात्र हात जोडले, आणि त्या कोणाला सहजासहजी हात जोडणाऱ्या नव्हत्या.

तेवढ्यात खालच्या पेठेकडून एक खाट आली. हैबतीने आणि तिघांनी ती खांद्यावर घेतली होती आणि वर लिंबाजी बसला होता, पाय फळीला बांधलेला. “थांबा, माझी मूठ राहिलीय!” तो ओरडला. “रांजण उभा करा. हैबतीचा नाही, तो भरेलच. धाररावांचा उभा करा, रिकामा झालाय तो!”

धाररावांनी रांजण उभा केला. लिंबाजीने उपरण्याची गाठ सोडली आणि निळ्या मुठीतली ज्वारी आत टाकली. “काल सभेत तुमचं ऐकायचं राहिलं होतं,” तो म्हणाला. “आज वाटेवरूनच ऐकलं.”

धारराव तिथेच ढसाढसा रडले. रडू द्या, त्यात कसली लाज!

हैबती मुख्य झाला, आणि रटाळ असला तरी चांगला मुख्य झाला. पंगत बसली तेव्हा सांडलेली ज्वारी, हैबतीची ज्वारी आणि ती एक मूठ, सगळं एकाच जात्यातून निघालं. धारराव निळ्या हातांनी भाकरी वाढत होते आणि लिंबाजी ओरडत होता, “मला अर्धीच! पुन्हा उचलायची वेळ आली तर धाररावांचे हाल नकोत!”

तेव्हापासून त्या नगराची माणसं परगावी जातात तेव्हा पूर्वीची फुशारकी मारत नाहीत. छाती मात्र पहिल्यापेक्षा जास्त फुगवतात आणि सांगतात, “आमच्याकडे उचलायची वेळ आली होती. आणि आमच्या माणसाने उचललं!”

बोध एवढाच: आपल्या शब्दाने जो हात उठतो, त्याचा घाव आपणच घातलेला असतो. तो कबूल करून जो ओझं उचलतो, त्याचाच अभिमान धरावा.