इवलीचा तीळ डोळ्यात गेला

एक होती मुंगी. इवलीशी. तिचं नाव इवली.

इवलीला एक भाऊ होता. तो इवलीहूनही इवला. त्याचं नाव कणू.

दोघं राहायची बालवाडीत. खिडकीखालच्या फटीत.

एकदा कणू म्हणाला, "ताई गं, भूक लागली."

"आत्ता आणते हं," इवली म्हणाली आणि निघाली.

तुरु तुरु तुरु.

डबे ठेवायच्या फळीखाली तिला एक तीळ सापडला. लाडवातून पडलेला. पांढरा पांढरा. गुळगुळीत. इवलीने तो डोक्यावर घेतला.

"आता कणू जेवेल. पोटभर जेवेल!"

तुरु तुरु तुरु.

पण वाटेत काय होतं? वाटेत होता एक डोळा!

खरा नाही काही. ठोकळ्यांचा. बालवाडीतली मुलं ठोकळे जोडून डोळा बांधत होती. केवढा मोठा डोळा! कलिंगडाएवढा!

त्यांच्या नलूबाईंनी बांधला पांढरा पांढरा गोल. आत पोकळ. समोरून उघडा.

पिराजीने आत हात घातला. अगदी मागे लावला लाल लाल पडदा. टिच्!

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आपण जे जे बघतो ना, त्याचं चित्र या पडद्यावर पडतं."

इवली डोळ्याच्या काठावर चढली. तिने आत वाकून पाहिलं. आणखी वाकली. आणखी थोडी वाकली.

आणि तीळ निसटला!

गड् गड् गड् गड्... टुप्!

थेट लाल पडद्यापाशी.

"अरे अरे अरे! माझा तीळ!"

पण इवलीचा आवाज तो केवढासा! कुणाला ऐकूच गेला नाही.

झोयाने लावलं भिंग. टिच्!

सुमेधने लावलं बुबुळ. टिच्!

केतकीने लावली काच. टिच्!

डोळा झाला बंद. तीळ राहिला आत.

इवलीला आलं रडू. पण कणू भुकेला होता ना! रडत बसून कसं चालेल?

इवली गेली पिराजीकडे. तुरु तुरु तुरु. पायावर चढली. गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. कानाशी गेली.

पिराजीला झाल्या गुदगुल्या. "कोण आहे?"

"मी इवली.
पिराजी, पिराजी, तीळ दे.
तीळ मिळेना, कणू जेवेना."

पिराजी म्हणाला, "देईन की! पण माझा पडदा आहे भिंगाच्या मागे. माझा हात पोचेना. आधी झोयाने भिंग काढायला हवं."

इवली गेली झोयाकडे. तुरु तुरु तुरु. पायावर चढली. गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. कानाशी गेली.

झोयाला झाल्या गुदगुल्या. "कोण आहे?"

"मी इवली.
झोया, झोया, भिंग काढ.
भिंग निघेना, पिराजीचा हात पोचेना.
हात पोचेना, तीळ मिळेना.
तीळ मिळेना, कणू जेवेना."

झोया म्हणाली, "काढीन की! माझं भिंग फार हुशार आहे. चित्र बरोब्बर पडद्यावर पाडतं. पण ते आहे बुबुळाच्या मागे. आधी सुमेधने बुबुळ काढायला हवं."

इवली गेली सुमेधकडे. तुरु तुरु तुरु. पायावर चढली. गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. कानाशी गेली.

सुमेधला झाल्या गुदगुल्या. "कोण आहे?"

"मी इवली.
सुमेध, सुमेध, बुबुळ काढ.
बुबुळ निघेना, झोयाचं भिंग निघेना.
भिंग निघेना, पिराजीचा हात पोचेना.
हात पोचेना, तीळ मिळेना.
तीळ मिळेना, कणू जेवेना."

सुमेध म्हणाला, "काढीन की! बघ, माझं बुबुळ तपकिरी आहे. मधोमध काळं भोक आहे. त्याला म्हणतात बाहुली."

"बाहुली? फ्रॉक घातलेली?"

"नाही गं! डोळ्यातली बाहुली म्हणजे नुसतं भोक. त्यातून उजेड आत जातो."

"मग मी पण त्यातून जाऊ?"

"कशी जाशील? पुढे काच आहे ना! आधी केतकीने काच काढायला हवी."

केतकी कुठे होती? केतकी बसली होती भिंतीशी. एकटी. गुडघ्यांत तोंड घालून.

इवली गेली केतकीकडे. तुरु तुरु तुरु. पायावर चढली. गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. कानाशी गेली.

केतकीला झाल्या गुदगुल्या. पण केतकी हसली नाही. "कोण आहे?" ती हळूच म्हणाली.

"मी इवली.
केतकी, केतकी, काच काढ.
काच निघेना, सुमेधचं बुबुळ निघेना.
बुबुळ निघेना, झोयाचं भिंग निघेना.
भिंग निघेना, पिराजीचा हात पोचेना.
हात पोचेना, तीळ मिळेना.
तीळ मिळेना, कणू जेवेना."

केतकीने हात पुढे केला. "ये, हातावर ये. बघू तुला."

इवली हातावर आली. केतकीने हात जवळ आणला. लांब नेला. पुन्हा जवळ आणला.

"मला तर नुसता ठिपका दिसतोय. तू खरंच मुंगी आहेस?"

"आहे तर!"

"मला जवळचं नीट दिसत नाही," केतकी म्हणाली. "डॉक्टरांनी चष्मा दिलाय. कालच. खिशात आहे."

"मग लाव की!"

"अं हं. नाही लावायचा." केतकीने खिसा घट्ट धरला. "लावताना काच हातातच होती. पण आता ती कुठे धरायची, ते चष्म्याशिवाय मला दिसायचं नाही."

इवली गेली नलूबाईंकडे. तुरु तुरु तुरु. पायावर चढली. गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. कानाशी गेली.

बाईंना झाल्या गुदगुल्या. "कोण आहे बाई?"

"मी इवली.
बाई, बाई, केतकीला चष्मा लावा.
चष्मा लागेना, केतकीची काच निघेना.
काच निघेना, सुमेधचं बुबुळ निघेना.
बुबुळ निघेना, झोयाचं भिंग निघेना.
भिंग निघेना, पिराजीचा हात पोचेना.
हात पोचेना, तीळ मिळेना.
तीळ मिळेना, कणू जेवेना."

बाई म्हणाल्या, "लावला होता गं मी सकाळी. तिने लगेच काढून टाकला. कुणीतरी तिला 'चार डोळे, चार डोळे' म्हणून हसलं."

"कोण हसलं?"

"पिराजी."

"मग तुम्ही त्याला रागवा ना!"

"रागावले की. पण तेवढ्याने तिला बरं नाही वाटलं, इवले. जो हसला, त्यानेच आता तिच्याशी बोलायला हवं."

इवली पुन्हा गेली पिराजीकडे. तुरु तुरु तुरु. पायावर चढली. गुडघ्यावर चढली. खांद्यावर चढली. कानाशी गेली. ती दमली होती. खूप खूप दमली होती.

पिराजीला झाल्या गुदगुल्या. "कोण आहे?"

"मीच. इवली.
पिराजी, पिराजी, केतकीशी बोल.
तू बोलेनास, केतकीचा चष्मा लागेना.
चष्मा लागेना, केतकीची काच निघेना.
काच निघेना, सुमेधचं बुबुळ निघेना.
बुबुळ निघेना, झोयाचं भिंग निघेना.
भिंग निघेना, तुझा हात पोचेना.
हात पोचेना, तीळ मिळेना.
तीळ मिळेना, कणू जेवेना."

पिराजीने केतकीकडे पाहिलं. भिंतीशी बसलेली केतकी. एकटी केतकी.

तो उठला. हळू हळू चालत गेला. केतकीच्या शेजारी बसला.

"केतकी, मी हसलो सकाळी."

केतकीने त्याच्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं. मी आता नाही हसणार."

"कधीच?"

"कधीच."

केतकीने खिशातून चष्मा काढला. हिरवा हिरवा. पोपटाच्या रंगाचा.

"लाव ना," पिराजी म्हणाला. "मला बघू दे."

केतकीने चष्मा लावला. एक काडी या कानावर. एक काडी त्या कानावर. मग डोळे मिटूनच घेतले.

कुणी हसलं? नाही. कुणी नाही हसलं.

केतकीने डोळे उघडले.

"तुझे डोळे मोठे दिसतात," पिराजी म्हणाला. "हरणासारखे."

केतकीला जरासं हसू आलं. तिने हात पुढे केला. इवली पिराजीच्या खांद्यावरून उतरली आणि केतकीच्या हातावर आली.

"अय्या!" केतकी ओरडली. "तुला मिशा आहेत!"

"आहेतच मुळी!"

"दोन मिशा! आणि पाय! एक, दोन, तीन, चार, पाच, सहा! आणि कंबर! केवढीशी कंबर! पिराजी, बघ, बघ!"

पिराजीने पाहिलं. झोया धावत आली. सुमेध धावत आला. सगळ्यांनी इवलीच्या मिशा पाहिल्या. इवली लाजली.

मग हळूच म्हणाली, "कणू भुकेला आहे हो."

"अरे हो!"

केतकीने काढली काच. टिच्!

काच निघाली, सुमेधने काढलं बुबुळ. टिच्!

बुबुळ निघालं, झोयाने काढलं भिंग. टिच्!

भिंग निघालं आणि उजेड गेला आत. थेट लाल पडद्यापर्यंत.

पिराजीने आत हात घातला. इकडे चाचपलं. तिकडे चाचपलं.

"नाही सापडत!"

"थांब, मी बघते." केतकीने चष्मा नाकावर वर सरकवला. वाकून आत पाहिलं. "तो बघ! खालच्या कडेला! पांढरा पांढरा!"

पिराजीने बोट टेकवलं. बोटाला तीळ चिकटला. त्याने तो अलगद इवलीपुढे ठेवला.

इवलीने तीळ डोक्यावर घेतला. "येते हं केतकी. येते हं पिराजी. येते हं झोया. येते हं सुमेध. येते हं बाई."

आणि निघाली. तुरु तुरु तुरु.

"चला मुलांनो," नलूबाई म्हणाल्या. "डोळा पुन्हा बांधू या."

"थांबा!" केतकी म्हणाली. "आत कुणी राहिलं नाही ना, ते आधी मला बघू दे."

तिने पाहिलं. नीट पाहिलं.

"कुणी नाही. लावा आता."

भिंग, टिच्! बुबुळ, टिच्! काच, टिच्!

आणि तिकडे? तिकडे खिडकीखालच्या फटीत कणू वाट बघत होता. त्याने ताईला पाहिलं. ताईच्या डोक्यावरचा तीळ पाहिला.

"ताई आली! तीळ आला!"

कुटुम कुटुम कुटुम. कणू जेवला. पोट झालं गोल गोल. कणूने एक तुकडा उरवला आणि ताईला दिला.

"तू पण खा ना, ताई."

कुटुम कुटुम कुटुम. इवलीही जेवली.

तीळ गेला पोटात, गोष्ट आली ओठात!